तिचा नंबर, तिचं दार



स्वतःच्या हिमतीवर चार पैसे कमावणारी बाई आता गावोगाव दिसते. भोर तालुक्यातलं वरवे बुद्रुक घ्या. पुणे-सातारा महामार्गालगतचं गाव. एकीकडे पुणं, दुसरीकडे शिरवळचे कारखाने. अशा गावात ब्लाऊज शिवणारी, डबे देणारी, पार्लर चालवणारी, मेंदी काढायला घरोघरी जाणारी, शिकवण्या घेणारी बाई कुणाची नोकर नसते. तिला साहेब नाही, हजेरी नाही. पण तिला दुकान नाही आणि कचेरीही नाही. गिऱ्हाईक मिळवायचं तर नाव, मोबाईल नंबर, घराचा पत्ता, कधी स्वतःचा फोटोसुद्धा चारचौघांत मांडावा लागतो. पगारी कामगाराचा नंबर कारखान्याच्या फाटकावर कुणी रंगवत नाही. हिचा पाटीवर रंगवला जातो.

मग रात्री अकराला फोन वाजतो. कामाचं निमित्त असतं, बोलणं भलतंच असतं. नंबर बंद करावा तर गिऱ्हाईक तुटतं. घरात सांगावं तर उत्तर ठरलेलं: "बंद कर ते काम." त्रास देणारा मोकळा राहतो आणि कमाई बुडते ती हिची. म्हणून माझं म्हणणं असं, की खासगीपणाचा प्रश्न हा नाजूक मनाचा प्रश्न नाही. तो तिच्या पोटाचा प्रश्न आहे, श्रमाचा प्रश्न आहे.

इथे काही जणी विचारतील: घरातल्या गोष्टी खासगी नसतात, हे तर आपणच इतकी वर्षं ओरडून सांगितलं ना? सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं. घराच्या चार भिंतींआड मारहाण झाकली जात होती. त्या भिंतीला भोक पाडल्यामुळेच २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. पण ते खासगीपण घराचं होतं, म्हणजे घरातल्या पुरुषाचं. बाईचं स्वतःचं खासगीपण त्या घरातही नव्हतं. तिचा फोन कुणीही उचलावा, तिचे पैसे कुणीही मोजावेत. आपण मागतो आहोत ते हे दुसरं खासगीपण, बाईचं स्वतःचं. त्यात विरोध नाही.

हा हक्क मान्य व्हायला आपल्याच राज्यातलं एक प्रकरण कारणी लागलं आहे. १९६५ मध्ये भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला आणि त्याने तिच्याकडे शरीरसुखाची मागणी केली. त्याला बडतर्फ केलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिची साक्ष बेभरवशाची ठरवली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. बाईची चालचलणूक काहीही असो, तिच्या खासगीपणात वाटेल तेव्हा शिरण्याचा अधिकार कुणालाही नाही, असं त्या निकालाने सांगितलं. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने मान्य केलं.

निकाल मोठा, पण पाटीवरच्या नंबरापर्यंत तो पोचत नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल माहितीचा कायदा झाला. त्यात एक मेख आहे. जी माहिती व्यक्तीने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. ज्या बाईला पोटासाठी नंबर जाहीर करावाच लागतो, तिला "स्वतःहून" हा शब्द कसा लावायचा? तयार मसाला किंवा पापड पाकिटात भरून विकायचा, तर नियमाप्रमाणे पाकिटावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापावा लागतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण ज्या बाईचं स्वयंपाकघर हाच कारखाना, तिच्या दाराचा पत्ता दर पाकिटाबरोबर बाजारात जातो.

याला "सांभाळून राहा" हे उत्तर नाही. तो उपदेश बायकांना जन्मापासून मिळतो. उत्तर एकत्र येण्यात आहे, आणि त्याची वाट आपल्या आधीच्या बायकांनी घालून दिली आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. बाई केंद्रावरून पीठ नेते, घरी लाटते, पापड केंद्रावर देते. गिऱ्हाइकाला संस्थेचं नाव कळतं, लाटणारीचं घर कळत नाही. मुंबईच्या खाणावळवाल्या बायकांच्या तर राहत्या खोलीतच गिरणी कामगारांच्या पंगती बसत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने त्या अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या. एकटीचं दार कुणीही ठोठावतो. मागे संघटना असली तर आधी विचार करतो.

गावपातळीवर आजच करता येण्यासारखं बरंच आहे. चार-पाच जणींनी मिळून कामासाठी एक वेगळा नंबर घ्यावा, पाळीपाळीने सांभाळावा, पाटीवर तोच लिहावा. नवं गिऱ्हाईक असेल तर पहिल्या खेपेला दोघींनी जावं. पैसे घेण्याच्या यूपीआय पत्त्यात मोबाईल नंबर नको असेल, तर वेगळा पत्ता करून घेता येतो. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी आणि कशासाठी दिली ते तारखेसह तिच्यावर लिहावं. बचत गटांच्या कार्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावं: दप्तरातल्या आधारच्या प्रती, फोन नंबर, कर्जाच्या नोंदी या सभासदांच्या आहेत. त्या कुलपात राहाव्यात. फोटो छापण्याआधी जिचा फोटो तिला विचारावं.

तरीही कुणी मागे लागलाच तर कायदा आहे. नको म्हटल्यावरही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घरही कामाची जागा धरलं आहे आणि असंघटित कामगार बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती सांगितली आहे. ही समिती कुठे बसते, तक्रार कुणाकडे द्यायची, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असावं. येत्या ग्रामसभेत आपण ही मागणी करू या. त्याचबरोबर गावातल्या बायकांच्या उद्योगासाठी एक सामायिक खोली मागू या, म्हणजे माल तिथे बनेल आणि पाकिटावर पत्ताही तिथलाच छापला जाईल. ठराव लेखी द्या आणि सह्या भरपूर घ्या.