मनातले चित्र हा निकष नव्हे

डोळे मिटून हापूस आंबा आठवायला सांगितला, तर कुणाला त्याचा केशरी रंग आणि देठाशी चढलेली लालसर छटा लख्ख दिसते. कुणाला धूसर आकार तेवढा जाणवतो. आणि कुणाला काहीच दिसत नाही. आंबा कसा असतो हे त्याला पुरते ठाऊक असते, पण मिटल्या डोळ्यांपुढे अंधारच राहतो. माणसामाणसांत हा फरक जन्मतःच असू शकतो आणि त्यात आजार काही नाही. ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा विषय निघाला की मात्र याच फरकावरून घाईने निष्कर्ष काढले जातात, आणि तेही दोन विरुद्ध दिशांनी.

पहिला निष्कर्ष लोकप्रिय आहे: ऑटिस्टिक माणूस चित्रांतच विचार करतो. टेंपल ग्रँडिन यांच्या १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ या पुस्तकाने तो जगभर रुजवला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञान शिकवणाऱ्या आणि स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ग्रँडिन गुरांसाठीच्या बांधकामांचे आराखडे आधी मनात पाहतात, फिरवून तपासतात आणि मग कागदावर उतरवतात. त्यांचा हा अनुभव सर्वस्वी खरा आहे. पण तो सगळ्या ऑटिस्टिक माणसांचा आहे असे मानणे चूक होते, हे त्यांनीच २००६ च्या वाढीव आवृत्तीत मान्य केले. कुणी चित्रांत विचार करतो, कुणी आकृतिबंधांत, कुणी शब्दांत, असे त्यांनी पुढे मांडले. लोकांनी पुस्तकाचे नाव लक्षात ठेवले, लेखिकेची दुरुस्ती ठेवली नाही.

दुसरा निष्कर्ष एका प्रश्नावलीतच शिरून बसला आहे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’ ही ५० प्रश्नांची चाचणी संशोधनात सर्रास वापरली जाते. हजारो लोक ती आपल्या फोनवरही सोडवून पाहतात. तिचे पाच भाग असून त्यांतला दहा प्रश्नांचा एक भाग ‘कल्पनाशक्ती’चा आहे. मनात सहज चित्र उभे करता येते का, गोष्ट वाचताना पात्रे कशी दिसत असतील याची सहज कल्पना येते का, असे त्यात विचारले आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या खात्यात ऑटिझमच्या लक्षणाचा एकेक गुण जमा होतो. म्हणजे लोक ज्याला चित्रांत विचार करणारा समजतात, त्याला चाचणी चित्र न दिसणारा गृहीत धरते.

या गोंधळाचे मूळ शब्दात आहे. लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांना मुलांच्या सामाजिक वागण्यात, संवादात आणि कल्पनेत अडचणी एकत्र दिसल्या. तिथे कल्पना म्हणजे मुख्यतः खोटाखोटा खेळ होता. आपल्या भाषेत सांगायचे तर भातुकली. भातुकलीत रमण्यासाठी समोरच्याच्या मनातला डाव ओळखून त्यात सामील व्हावे लागते. मिटल्या डोळ्यांपुढे भांडी दिसण्याशी त्याचा काय संबंध? पण इंग्रजीतला ‘इमॅजिनेशन’ हा शब्दच ‘इमेज’च्या, म्हणजे प्रतिमेच्या मुळातून आलेला असल्याने दोन्ही गोष्टी एकाच पोतडीत गेल्या. आपली भाषा इथे अधिक नेमकी आहे. ‘कल्पना’ हा शब्द संस्कृतातल्या ‘क्लृप्’ धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ जुळवणे, रचणे. त्यात डोळा नाही आणि चित्रही नाही.

आणि चित्राविना रचना होते याचा पुरावा जुना आहे. १८८० मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी लोकांना आपले सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवायला सांगितले, तेव्हा आपल्याला असे काही चित्र दिसत नाही, असे कितीतरी वैज्ञानिकांनी कळवले. २०१५ साली एक्सेटर विद्यापीठाचे मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. ‘फँटेशिया’ हा ॲरिस्टॉटलचा शब्द आणि त्याआधी आपल्या ‘अ’सारखाच नकाराचा ‘अ’. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही. जगभरच्या मुलांना चित्रपटांतून नवी विश्वे दाखवणाऱ्या संस्थेचा हा शिल्पकार कल्पनाशक्तीत उणा आहे, असे कोण म्हणेल?

ऑटिझम आणि मनःचित्रे यांचा काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नाही. ससेक्स विद्यापीठाच्या कार्ला डान्स, ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनात चित्र न दिसणाऱ्यांमध्ये ऑटिझमची लक्षणे सरासरीने जास्त आढळली. ती या ५० प्रश्नांच्या चाचणीतल्या केवळ कल्पनाशक्तीच्या भागातच नव्हे, तर सामाजिक कौशल्यांच्या भागातही आढळली. तेव्हा संबंध असण्याची शक्यता गंभीरपणे तपासायलाच हवी. पण चित्र न दिसणाऱ्याला चित्र न दिसल्याबद्दलच गुण देणारी पट्टी या कामी पुरेशी नाही. शिवाय गटाच्या सरासरीवरून एका माणसाचे निदान होत नाही. आपल्याकडे ऑटिझमच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात प्रत्यक्ष निरीक्षणाला आणि पालकांशी बोलण्याला स्थान आहे. फोनवरची बेरीज त्या जागी बसवता येणार नाही.

प्रश्न खरा उभा राहतो तो वर्गात. ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ किंवा ‘मी पक्षी झालो तर’ हे निबंधाचे विषय मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या दिले जातात, आणि सूचना ठरलेली असते: डोळे मिटा आणि चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्याला ते दिसत नाही ते मूल गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्याला कुणी आळस म्हणते, कुणी मंदपणा. त्याच मुलाला छत्री कशाची बनते, कोण विकते, कुठे विसरली जाते हे विचारा. ते तिची गोष्ट रचू लागेल. उलट, ज्या ऑटिस्टिक मुलाच्या मनात चित्रे दाटीने येतात, त्याला त्यांतून शब्दाकडे यायला वेळ हवा असतो. चित्रकार्डे आणि भिंतीवरचे चित्र-वेळापत्रक अनेक ऑटिस्टिक मुलांना उपयोगी पडते. ते मूल मनात चित्रे पाहते म्हणूनच असे होते, हे गृहीत धरू नये. मनात चित्र धरून ठेवता येत नाही, अशा मुलाला तर डोळ्यांसमोर टांगलेल्या चित्राची गरज अधिक असू शकते.

म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि तपासणाऱ्यांना कळकळीचे सांगणे एवढेच आहे. मुलाला आधी विचारा, ‘आंबा म्हटल्यावर तुझ्या मनात काय येते?’ रंग येईल, वास येईल, शब्द येईल किंवा नुसते ज्ञान येईल. जे येईल ते त्याचे शिकण्याचे दार आहे. शिकवणे तिथून सुरू करावे. मनात चित्र असणे ही ऑटिझमची खूण नाही आणि नसणे हीही नाही.