कणेरी मठ तासाभरात उरकू नका

कोल्हापूरच्या सहलीत अंबाबाईचं दर्शन आणि पन्हाळा यांच्यामध्ये कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम अनेक जण तासाभरात उरकतात. तिथेच नियोजन चुकतं. सुमारे 7 एकरांत 300 च्या आसपास सिमेंटचे पुतळे आहेत. लोहार, कुंभार, सुतार, सगळे बलुतेदार आपापल्या कामात. (लोक 'वॅक्स म्युझियम' म्हणतात, पण मेण उन्हात टिकलं असतं का?) सगळं उघड्यावर, चालत पाहायचं, त्यामुळे सकाळीच पोहोचा, टोपी-पाणी सोबत ठेवा.

आणि आजी-आजोबांना घरी ठेवू नका. इतर पार्कांत ते बाकावर बसून पिशव्या सांभाळतात; इथे बलुतं कसं दिलं जायचं, हे नातवंडांना तेच सांगू शकतात. त्यांच्या चालीने फिरायचं, तर अर्धा दिवस हवाच. पन्हाळा दुसऱ्या दिवशी.