एकच पीस, सहा व्हेंडर: ट्रॅकवरची गाडी धंद्याबद्दल काय शिकवते?



कस्टम काम म्हटलं की सल्ला ठरलेला: तीन कोटेशन मागवा आणि सगळ्यात कमी भाववाल्याला काम द्या. हजार पीस बनवायचे असतील तर ठीक आहे. पण एकच पीस बनवायचा असेल, तर माझ्या मते हा सल्ला तुम्हाला खड्ड्यात घालतो. का, ते रेसिंगच्या गाडीवरून बघू.

लांब जायला नको. पवईत आयआयटी बॉम्बे रेसिंग, विद्याविहारला सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग, विलेपार्ल्यात संघवी कॉलेजची डीजेएस रेसिंग. ही मुलं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी एका सीटची ट्रॅक कार स्वतः डिझाइन करून बनवतात. या प्रकारची स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते.

आता गंमत बघा. एकूण गुण १०००. त्यातले डिझाइनला १५०, खर्चाच्या हिशोबाला १०० आणि बिझनेस प्लॅनला ७५. म्हणजे गाडी ट्रॅकवर धावण्याआधीच ३२५ गुण ठरतात! कोणता पार्ट कशाचा, कोणत्या प्रक्रियेने बनला, किती खर्च आला, हे परीक्षकांसमोर मांडावं लागतं. आपल्यापैकी किती जणांना आपल्या प्रॉडक्टचा असा हिशोब तोंडपाठ आहे?

गाडी कुठे अडते?

अशी गाडी एका छताखाली बनत नाही. सीएनसीवाला वेगळा, टिग वेल्डिंगवाला वेगळा, लेझर कटिंग वेगळं, हीट ट्रीटमेंट वेगळी, अ‍ॅनोडायझिंग वेगळं. बेअरिंग आणायला नागदेवी, वायरिंगच्या सामानाला लोहार चाळ. साकीनाका-मरोळच्या गाळ्यांमधून फिरलात तर यातलं बरंचसं काम तिथेच होताना दिसेल.

यातला प्रत्येक जण आपल्या कामात हुशार असतो. तरी गाडी अडते. कुठे? दोन व्हेंडरच्या मधल्या जागेत.

एक उदाहरण घ्या. चाकाचा अ‍ॅल्युमिनियमचा अपराइट आहे. सीएनसीवाल्याने बेअरिंगचं भोक ड्रॉइंगप्रमाणे अचूक काढलं. पार्ट हार्ड अ‍ॅनोडायझिंगला गेला. ५० मायक्रॉनचा थर चढला, तर त्यातला साधारण अर्धा बाहेरच्या बाजूला वाढतो. म्हणजे भोकाचा व्यास जवळजवळ ५० मायक्रॉनने कमी झाला. बेअरिंग बसेना! सीएनसीवाला म्हणतो, माझं माप बरोबर. अ‍ॅनोडायझिंगवाला म्हणतो, तुम्ही भोक झाकायला सांगितलंच नाही. दोघंही खरं बोलतायत. चूक कोणाची? ज्याने ऑर्डर घेतली त्याची. म्हणजे तुमची.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कस्टम कामात ग्राहक तुम्हाला पार्टचे पैसे देत नाही. या मधल्या जागेची जबाबदारी घेण्याचे पैसे देतो.

मग करायचं काय?

पहिलं, बोलीवर काम देऊ नका. "भाऊ, मागच्यासारखंच कर" याला ड्रॉइंग म्हणत नाहीत. माप, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड आणि पुढची प्रक्रिया, हे सगळं कागदावर हवं. पार्ट पुढे कुठे जाणार, हे प्रत्येक व्हेंडरला कळलं पाहिजे.

दुसरं, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ६०६१ आणि ७०७५ हे अ‍ॅल्युमिनियमचे दोन ग्रेड डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ताकदीत मोठा फरक आहे. आणि त्या पार्टच्या भरवशावर कोणीतरी माणूस गाडीत बसणार आहे.

तिसरं, कामाचा क्रम आधी ठरवा. पावडर कोटिंग झाल्यावर वेल्डिंग आठवलं, तर दोन्हीचे पैसे वाया. हीट ट्रीटमेंटमध्ये पार्ट थोडा वाकतो, म्हणून फायनल मशिनिंग त्यानंतर.

चौथं, सेटिंगचे पैसे हसत द्या. एका पीसला कटिंग तासाभराचं असेल, पण प्रोग्रॅम आणि फिक्श्चरमध्ये अर्धा दिवस जाऊ शकतो. तिथे घासाघीस केली की तो तुमचं काम मागे ठेवून मोठ्या पार्टीचं काम मशिनवर चढवतो. त्याचंही पोट आहे, नाही का?

उधारीचा प्रश्न

"ग्राहकाने दिले की देतो," हे वाक्य मला अजिबात पटत नाही. ग्राहकाची जोखीम तुम्ही घेतली आहे, गाळेवाल्याने नाही. एमएसएमईडी कायदा २००६ काय सांगतो? सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. उद्या तुम्ही पुरवठादार असाल तेव्हा हाच कायदा तुमच्या बाजूने उभा राहील.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढं सगळं केलं तर आमचा भाव वाढतो, ग्राहक पळतो." खरंय, काही पळतील. पण ज्याला फक्त स्वस्त हवंय, त्याचा बिघडलेला पीस दुसऱ्यांदा बनवण्याचा खर्चही तुमच्याच खिशातून जातो. ते नुकसान कोटेशनमध्ये दिसत नाही, वर्षाच्या शेवटी बँक खात्यात दिसतं.

उलट यात संधी आहे. ज्यांच्याकडे मशीन आहे असे लोक उपनगरात भरपूर आहेत. सहा मशीनवाल्यांना एका ड्रॉइंगवर आणून वेळेत काम पुरं करणारे कमी आहेत. या धंद्याला शेड लागत नाही, लागते ती शिस्त आणि व्हेंडरमध्ये असलेली पत. गाडी असो, हॉटेलचं किचन असो की पॅकिंग मशीन, हिशोब तोच.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या चालू ऑर्डरमधले सगळे व्हेंडर एका कागदावर क्रमाने लिहा. प्रत्येक दोघांच्या मध्ये एक रेघ मारा आणि त्या रेघेवर लिहा, इथे माल कोण तपासणार? जिथे नाव सुचणार नाही, तिथे तुमचे पैसे अडकणार आहेत. ती जागा आधी बुजवा, मग पुढची ऑर्डर घ्या.