ज्ञानाचे जाळे कोणाच्या हाती?

बंगळुरू येथील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १६ जुलै २०२४ रोजी ‘बायजूज’ या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली. अर्जदार कोणी पालक नव्हता, शिक्षकही नव्हता. अर्जदार होते भारतीय क्रिकेट नियामक मंडळ. आणि थकलेली सुमारे १५८ कोटींची रक्कम होती भारतीय संघाच्या सदऱ्यावर कंपनीचे नाव झळकवण्याच्या मोबदल्याची! देशातील मुलांना घरोघर ज्ञान पोहोचवण्याच्या वल्गना करणाऱ्या कंपनीचा पैसा कोठे जात होता, याचा याहून बोलका पुरावा तो कोणता?

हीच कंपनी २०२२ साली २२ अब्ज डॉलर किमतीची मानली जात होती. शाळा बंद असलेल्या महासाथीच्या दिवसांत परकीय गुंतवणूकदारांनी तिच्यात पैसा ओतला आणि सत्ताधाऱ्यांनी व बड्या वृत्तपत्रांनी तिला नव्या भारताचे प्रतीक ठरवले. पुढे पितळ उघडे पडू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याची घोषणा झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अभ्यासक्रमांच्या विक्रीतील गैरप्रकारांच्या तक्रारींवरून कंपनीच्या प्रमुखास पाचारण केले. मुलाच्या भवितव्याची भीती घालून पालकांच्या गळ्यात कर्ज अडकवायचे, असे त्या तक्रारींचे स्वरूप होते.

या पतनाकडे एका उद्योजकाच्या चुकांची कहाणी म्हणून पाहणे सोयीचे असले तरी ते दिशाभूल करणारे ठरेल. कंपनीचे संस्थापक केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या अळिकोड गावचे. आई-वडील दोघेही शिक्षक. शिक्षण गावच्या मल्याळी माध्यमाच्या शाळेत. समाजाने जोपासलेल्या शिक्षणव्यवस्थेने घडवलेली बुद्धी भांडवलाने आपल्या दावणीला बांधली आणि तिचेच फळ समाजाला हप्त्याहप्त्याने विकायला काढले, हा या घटनेचा खरा अर्थ आहे. इंटरनेटच्या जाळ्यातून शिकावे, शिकवावे, परस्परांना ज्ञान वाटावे, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे जाळे कोणाच्या मालकीचे असावे आणि कोणाच्या हितासाठी चालावे, हा.

याच केरळात या प्रश्नाचे दुसरे उत्तर गेली दोन दशके आकार घेत आले आहे. शाळांत संगणक शिक्षण आणणारा ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प २००१-०२ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा त्याचा पहिला आराखडा एका बड्या परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती बेतलेला होता. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्यास हरकत घेतली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची घडण कोणालाही वाचता येते, गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेले दुसऱ्यास वाटता येते ते. चावी मालकाच्या खिशात असलेल्या यंत्रावर मुलाला केवळ कळा दाबायला शिकवायचे, की यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याचा अधिकारही द्यायचा, असा तो वाद होता. काही वर्षांच्या संघर्षानंतर सरकारी व अनुदानित शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले.

याचे परिणाम दुहेरी झाले. एक तर सार्वजनिक पैसा वाचला. प्रकल्पाचा कारभार २०१७ पासून ‘काइट’ या सरकारी संस्थेकडे आहे आणि परवानाशुल्कात सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत झाल्याचे तिने २०१९ साली सांगितले. दुसरा परिणाम पैशात न मोजता येणारा आहे. शिक्षकांना शिकवण्याचे काम कंपनीच्या प्रतिनिधींनी केले नाही. ते शाळांतल्याच शिक्षकांमधून तयार झालेल्या प्रशिक्षकांनी केले. मल्याळी लिपीत साधने तयार झाली. ‘स्कूलविकी’ या सामायिक ज्ञानकोशात सुमारे १५,००० शाळांना आपापली पाने मिळाली; त्यांत गावाचा आणि शाळेचा इतिहास विद्यार्थी व शिक्षक स्वतः लिहितात, एकमेकांचे लेखन दुरुस्त करतात. २०१८ पासून चालणाऱ्या ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांत एक लाखाहून अधिक मुले सहभागी झाली. येथे विद्यार्थी ग्राहक नसून ज्ञानाचा उत्पादक आहे.

हे आकाशातून पडले नाही. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली ४७ ग्रामीण वाचनालयांना एकत्र आणून ग्रंथालय संघाची स्थापना केली होती. ओट्यावर बसून एकाने वर्तमानपत्र वाचावे, दहांनी ऐकावे आणि मग सर्वांनी वाद घालावा, या परंपरेतून जी सामाजिक भूमी तयार झाली, तिच्यावर संगणकाचे बी रुजले.

तथापि केरळचा अनुभव निर्दोष नव्हता आणि ते लपवण्यात काहीच स्वारस्य नाही. महासाथीच्या काळात १ जून २०२० रोजी ‘विक्टर्स’ या शैक्षणिक वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हे पाठ सुरू झाले, तेव्हा सुमारे २ लाख ६० हजार विद्यार्थ्यांच्या घरी दूरचित्रवाणीही नव्हती आणि इंटरनेटही नव्हते. पाठ सुरू झाले त्याच दिवशी एका दलित मजूर कुटुंबातील शाळकरी मुलीच्या आत्महत्येने राज्य हादरले. घरातला दूरचित्रवाणी संच बिघडलेला होता. त्यानंतर वाचनालयांत, अंगणवाड्यांत, सार्वजनिक सभागृहांत संच बसवून सामूहिक अभ्यासकेंद्रे उघडण्यात आली. युवक संघटनांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी घरोघर संच पोहोचवले. जे नंतर केले ते आधी करायला हवे होते. मात्र ते करता आले, कारण वाहिनी, शाळा आणि वाचनालय या तिन्ही गोष्टी जनतेच्या होत्या.

उर्वरित देशात काय दृश्य होते? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ साली ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. या पायावर ‘ऑनलाइन शिक्षणा’चा इमला उभारण्यात आला. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार २०२१ साली शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतील चारांपैकी एका मुलाच्या हाती तो कधीच पडत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जाई. उरलाच तर मुलाला मिळे, मुलगी चुलीपाशी राही. काश्मीरमध्ये तर ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत वेगवान मोबाइल इंटरनेट शासनानेच रोखून धरले होते. तेथील विद्यार्थ्याला ऑनलाइन वर्गाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होती.

त्या काळात गावोगावच्या शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फळा मांडला, स्वतःच्या खर्चाने पाठ चित्रित केले, एकमेकांना स्वाध्याय पाठवले. हे श्रम कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकांना याचे एक उदाहरण ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यात पुढाकार घेतला. ती पद्धत पुढे शासनाने उचलली. २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटण्याचे जाहीर केले. नवनिर्मिती सरकारी शाळेच्या वर्गातूनही होते आणि वाटून घेण्याची वृत्ती शिक्षकाच्या व्यवसायातच असते, हे यातून स्पष्ट होते.

पण या श्रमांचे जाळे परक्यांच्या मालकीचे असेल तर काय घडते? १९७५-७६ सालचा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग आठवून पाहावा. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवून शिक्षण, शेती, आरोग्याचे कार्यक्रम दाखवण्यात आले. भारतीय तंत्रज्ञांनी आणि शिक्षकांनी मोठे कर्तृत्व दाखवले. उपग्रह मात्र अमेरिकेकडून वर्षासाठी घेतलेला होता. वर्ष संपले, उपग्रह हलवला गेला आणि बहुसंख्य खेड्यांतील पडदे काळे झाले. उसनवारीच्या साधनावर लोकशिक्षण उभे राहत नाही. २०१५ साली फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’च्या नावाने गरिबांना मोजकीच संकेतस्थळे फुकट देऊ केली, तेव्हा हाच धोका नव्या वेशात आला होता. देशभर विरोध झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा भेदभावी दरांवर बंदी घातली. जागृत जनमत बलाढ्य कंपनीलाही थोपवू शकते, हा त्या लढ्याचा धडा.

मालकी सरकारी असली म्हणजे सारे आलबेल, असेही नव्हे. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी पडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आले. ४९ देशांच्या सरकारांनी महासाथीत पुरस्कारलेल्या शैक्षणिक साधनांची तपासणी ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने केली. त्यांतील जवळपास नऊदशांश साधने मुलांच्या हक्कांना बाधक ठरेल अशा रीतीने माहिती हाताळत होती, असे तिच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. मूल काय शिकते, कोठे अडते, कोठे राहते, हा तपशील जाहिरातदारांच्या बाजारात कच्चा माल बनला आहे. सार्वजनिक मालकीबरोबर शिक्षक-पालकांचे लोकशाही नियंत्रण नसेल, तर सरकारी दारातूनही तोच माल त्याच बाजारात जातो.

म्हणून या क्षेत्रातील मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. प्रत्येक शाळेत वीज, संगणक आणि इंटरनेट ही शासनाची जबाबदारी आहे. २०२४-२५ च्या शासकीय आकडेवारीनुसारही एक तृतीयांशाहून अधिक शाळांत इंटरनेट नाही. सार्वजनिक पैशातून तयार होणारे पाठ, पुस्तके आणि सॉफ्टवेअर मुक्त असावे आणि ते सर्व भारतीय भाषांत उपलब्ध व्हावे. मुलांच्या माहितीचा व्यापार पूर्णतः बंद व्हावा. पालकांना कर्जात लोटणाऱ्या कंपन्यांना वेसण घालणारा कायदा व्हावा. घरापर्यंतचे जाळेही सार्वजनिक असावे. केरळने ५ जून २०२३ रोजी ‘के-फोन’ हे स्वतःचे जाळे सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या टप्प्याचे लक्ष्य मात्र १४ हजार कुटुंबांचेच होते. घोषणा आणि पूर्तता यांतील हे अंतर कापण्यासाठी जनतेचा रेटा सतत हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, रिकाम्या शिक्षकपदांची भरती व्हावी. पडदा शिक्षकाच्या हातातील साधन आहे. त्याची जागा घेणारा स्वस्त बदली नोकर नव्हे.

ज्ञान वाटल्याने घटत नाही, वाढते. म्हणूनच त्याला कुंपण घातल्याशिवाय त्याचा नफा करता येत नाही. ते कुंपण दिवाळखोर कंपनीचे असो वा धनाढ्य कंपनीचे, शेतमजुराचे आणि कामगाराचे मूल त्याच्या बाहेरच उभे राहते. एका कंपनीच्या पतनाने ते आपोआप मोडणार नाही; तिची जागा घेण्यास दुसऱ्या टपलेल्याच आहेत. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्या संघटनांनी हा प्रश्न फीवाढीच्या आणि शाळाबंदीच्या विरोधातील लढ्याशी जोडून हाती घेतला, तरच ज्ञानाचे जाळे जनतेच्या हाती राहील.