विद्याधन आणि कॅमशाफ्ट

दायविभागाचा प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांत कोणास नवा नाहीं. घर, मळा, भांडीं, दागिने ह्यांची वाटणी कशी करावी हें मिताक्षरेनें सांगितलें आहे, आणि तेवढ्यानें न भागल्यास वकील सांगतात. परंतु एक धन असें कीं, त्याविषयीं फार दिवस वाद चालला. विद्येच्या जोरावर मिळविलेलें द्रव्य कुटुंबाचें कीं मिळविणाराचें? घरच्या पैशानें मुलगा शिकला तर त्याच्या मिळकतींत सर्वांचा वांटा, असा निकाल पुष्कळदां होत असे. अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या खटपटीनें १९३० सालीं कायदा झाला आणि विद्याधन हें मिळविणाराचें स्वतंत्र धन ठरलें. द्रव्याचा निकाल लागला. पण ज्या विद्येनें तें द्रव्य मिळालें ती विद्या मागें कोणाकडे जावी, हें कोणताच कायदा सांगत नाहीं. हा विचार आमच्या मनांत आला तो एका लोखंडी दांड्याच्या निमित्तानें.

आमच्या जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ. त्यांच्या विहिरींवर पूर्वीं तेलाचीं इंजिनें धडधडत असत. विजेचे पंप आले आणि बहुतेक इंजिनें थांबलीं. तथापि वीज ऐन वेळीं दगा देते म्हणून कांहीं शेतकऱ्यांनीं तीं अजून झांकून ठेवलेलीं आहेत. ह्या इंजिनाला श्वास घेण्याची एक झडप व सोडण्याची दुसरी. त्या नेमक्या क्षणीं उघडावयाच्या व नेमक्या क्षणीं मिटावयाच्या. आणि हें काम कॅमशाफ्ट नांवाचा दांडा करतो. दांड्यावर अंड्यासारख्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला कीं उंचवटा झडपेस उचलून धरतो, पुढें सरकला कीं स्प्रिंग तिला मिटविते. तिसरा एक उंचवटा इंधनाचा पंप दाबतो. सोलापूर-इचलकरंजीकडील वाचकांनीं यंत्रमागांतील टॅपेट पाहिला असेल. ताण्याचे धागे उचलणारा तो टॅपेट ह्याच कुळांतला. कूळही बरेंच जुनें आहे, कारण इ. स. १२०६ मधल्या आपल्या ग्रंथांत अल्-जझरीनें असे दांडे वर्णिले आहेत.

किर्लोस्करांचें पांच अश्वशक्तीचें ए. व्ही. वन इंजिन घ्या. तें मिनिटास १५०० फेरे घेतें. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगानें, म्हणजे ७५० फेरे, फिरतो. आठ तास पाणी चाललें तर प्रत्येक झडप ३ लक्ष ६० हजार वेळां उघडली व मिटली. एवढ्या घर्षणानें उंचवट्याचें टोक केसभर झिजलें, तरी झडप पुरती उघडत नाहीं, इंजिन काळा धूर ओकूं लागतें, आणि वाफा भिजण्यास अधिक वेळ लागतो. म्हणजे इंजिनाचें बळ नुसत्या लोखंडांत नसून त्या उंचवट्याच्या आकारांत आहे.

ह्या आकाराचाच धंदा करून नांव मिळविणारे कारागीर अमेरिकेंत झाले. झडप अधिक उंच उचलावी, अधिक वेळ उघडी ठेवावी, म्हणजे वेगांत असतां इंजिनास अधिक हवा मिळते व बळ वाढतें. मात्र संथ चालतांना तें अडखळतें. कोठें किती घ्यावें हा विवेक शर्यतीच्या मोटारी करणारांना हवा होता. कॅलिफोर्नियांतील एड विनफील्ड (१९०१–१९८२) हा त्या विद्येचा आद्य पुरुष. मनुष्य एकांतप्रिय. त्याच्यापासून ज्यानें पुष्कळ घेतलें तो एड इस्केंडेरियन हा १९२१ सालीं जन्मलेला आर्मेनियन घराण्यांतला मुलगा. ह्याच्या घरचा द्राक्षमळा हिमानें गेला आणि कुटुंब लॉस एंजिलिसला आलें. (कडवंचीच्या आमच्या द्राक्षबागाईतदारांस ह्या एका वाक्यांतलें दुःख अधिक समजावून सांगावयास नको.) दुसऱ्या महायुद्धांतून परतल्यावर त्याला आपल्या गाडीसाठीं असा दांडा हवा होता, पण कारागीर थोडे, मागणी फार, महिनोन् महिने थांबावें लागे. तेव्हां त्यानें गोल दांडे घासण्याचें एक साधें यंत्र विकत घेतलें, त्यांत फेरफार करून त्याच्यावर उंचवटे घासण्याची सोय केली, आणि १९४६ च्या सुमारास स्वतःचा कारखाना मांडला. ‘इस्की’ हें नांव पुढें जगभर झालें. जुन्या मोटारी जतन करणारे शौकीन आजही त्या मापाचे दांडे मागवितात. विनफील्ड त्याचा ना बाप, ना चुलता. गुरूनें दाखविलें आणि शिष्यानें डोळे उघडे ठेवले, एवढेंच नातें.

आपल्याकडे ह्या कामाचें मोठें घर सोलापुरास आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसावें. चादरींच्या गांवांत १९९२ सालीं यतीन शहा ह्यांनीं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापिली. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुति, टाटा अशा मोठ्या कारखान्यांच्या इंजिनांत सोलापुरी दांडे गेले आहेत. त्यांच्या ओतकामांतील एक युक्ति आम्हांस फार आवडली. वितळलेलें बीड सांच्यांत ओततांना जेथें उंचवटे यावयाचे, तेथें सांच्यांत आधींच लोखंडाचे थंड तुकडे बसविलेले असतात. त्यांस टेकलेलें बीड झटकन निवतें व कांचेसारखें कठीण होतें. गाभ्याचें बीड वाळूंत सावकाश निवतें व मऊ राहतें. म्हणून दांडा झिजत नाहीं, आणि सहसा मोडतही नाहीं. एकाच रसाचे दोन स्वभाव, केवळ निवण्याच्या गतीमुळें!

इस्कीच्या खोक्यावर त्याचें नांव ठळक छापलेलें असे. नांवाचे सदरेसुद्धां त्यानें लोकांच्या अंगावर चढविले. सोलापूरचा दांडा मात्र इंजिनाच्या पोटांत निनांवी बसतो, गाडीच्या धन्याला त्याचा पत्ताही नसतो. कित्येकांस ह्यांत उणेपण वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या घरांतून वर्षानुवर्षें ज्यांच्या हातचें आपण जेवलों, त्यांचीं नांवें कोणत्या पाटीवर आहेत? मात्र निनांवी कामाला एक धोका असतो, तो हा कीं तें थांबलें तरी कोणास कळत नाहीं. विजेवर चालणाऱ्या गाडीस कॅमशाफ्ट लागतच नाहीं. सोलापूरकरांनीं हें ओळखून २०१८ सालीं विजेच्या मालमोटारींचें काम करणाऱ्या नेदरलँड्समधील इमॉस कंपनींत भाग घेतला, आणि इकडे टाटा एससारख्या लहान मालगाड्यांस विजेची जोड देण्याचें कामही हातीं घेतलें. शहाणपणाचें केलें. असो.

आतां पुन्हां जालन्याकडे येतों. येथील पोलादाच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. गांवोगांवचें भंगार येथें येतें आणि घरबांधणीच्या सळया होऊन परत जातें. मोडलेलें इंजिन भंगाराच्या गाडीवर चढलें कीं त्याच्याबरोबर त्याचा दांडाही चढतो. ज्या नमुन्यांचे कारखानदार ते नमुने आतां करीतच नाहींत, त्यांचें माप मग त्या दांड्याखेरीज कोठें राहणार?

आमचा एक जुना विद्यार्थी येथील औद्योगिक वसाहतींत इंजिन-दुरुस्तीचा कारखाना चालवितो. वय पंचावन्नच्या पुढें. वर्गांत त्याचें ‘रामौ-रामाः’ कधींच धड झालें नाहीं. हात मात्र असा कीं, झिजलेल्या पोलादी उंचवट्यावर वेल्डिंगचा भर घालून तो पुन्हां मापावर आणील. पण माप कशावरून घ्यावयाचें? त्यासाठीं त्यानें पत्र्याच्या भिंतीवर खिळे मारून चाळीसएक जुने दांडे टांगून ठेवले आहेत, प्रत्येकाला इंजिनाच्या नांवाची चिठ्ठी बांधलेली. आम्ही एकदां विचारलें, “हें एवढें लोखंड अडकवून कां ठेवलें आहेस?” तो म्हणाला, “गुरुजी, भंगारवाला किलोवर घेतो. पण हा एकदां भट्टींत गेला, तर ह्याचं माप मी कुणाला विचारूं?”

त्याचे दोघे मुलगे पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहेत. सुखी आहेत, आणि त्यांनीं परत यावें असें तोही म्हणत नाहीं. कारखान्यांत हाताशीं आहे तो पुतण्या, तंत्रनिकेतनांत शिकलेला. काकाच्या डोळ्यांत आतां पूर्वींची तीक्ष्णता राहिली नाहीं, म्हणून गेल्या दिवाळीपासून पुतण्यानें एक काम चालविलें आहे. अंशांची खूण केलेली गोल तबकडी तो दांड्याच्या टोकाला बसवितो, उंचवट्यावर डायल गेज टेकवितो, आणि पांच-पांच अंशांनीं दांडा फिरवून उचल किती भरली तें आंखीव वहींत टिपतो. एका उंचवट्याचे ७२ आंकडे, तीन उंचवट्यांचे २१६. काका जवळ बसतो आणि कोठें झिजेमुळें आंकडा खोटा येतो, कोठें खरा धरावा, तें बोटानें चांचपून सांगतो; पुतण्या तेवढें तांबड्या शाईनें समासांत लिहितो. हीं तांबडीं टिपणें आम्हांस त्या आंकड्यांहून अधिक मोलाचीं वाटलीं. वही कोणाच्या वाटणींत जाईल असें आम्हीं थट्टेनें विचारतांच दोघेही हंसले. मागच्या पंधरवड्यांत पाहिलें तेव्हां अकरा दांडे उतरवून झाले होते, आणि बाराव्याचा इंधनपंपाचा उंचवटा राहिला होता.