रस्ता रोखला, आता दप्तर राखू



'संस्था' हा शब्द आपल्या बैठकीत उच्चारला की मागच्या रांगेत हसू फुटते. त्या हसण्याचा आम्हाला राग येत नाही. संस्था म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पुढाऱ्याची शाळा, पुढाऱ्याचा कारखाना, पुढाऱ्याची पतपेढी आणि दारात उभी पुढाऱ्याची गाडी. दुसऱ्या तऱ्हेची संस्था शहरातून जीपने येते. गावाचा नकाशा रांगोळीने काढायला लावते, त्याचे फोटो काढते, तीन वर्षांनी प्रकल्प संपला की जीप परत जाते. गावात उरतो तो रंग उडालेला फलक. या दोन्हींनी तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच.

तरीही या जिल्हा बैठकीसाठी हाच विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. कारण एक प्रश्न चळवळीच्या पाठीमागे कायम उभा आहे आणि आपण त्याच्याकडे वळून पाहत नाही. लढून मिळवलेला न्याय नंतर सांभाळतो कोण?

१९८० च्या नोव्हेंबरात कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने रस्ता आणि रेल्वे अडवली. खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. त्या आंदोलनाने शेतकऱ्याच्या पाठीला कणा दिला. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, आणि पुढे काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या कारभाऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा घरधनिणीच्या नावे केला. या दोन गोष्टींत एक फरक आहे. भाव मिळाला तो हंगामापुरता. सातबाऱ्यावर चढलेले नाव मात्र घोषणेसारखे वाऱ्यावर विरत नाही. त्याची नोंद असते, ती कोणालाही दाखवता येते, आणि खोडायची म्हटली तर खोडणाऱ्याला सही करावी लागते.

रस्ता दोन दिवस रोखता येतो. बाजाराचा काटा हंगामभर रोज चालतो. त्या काट्याजवळ रोज उभे राहणे आंदोलनाच्या आवाक्यातले नाही. ते काम संस्थेचे.

अशी संस्था आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली आहे. निफाड तालुक्यातले ओझर विमान कारखान्यामुळे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला ते कालव्याच्या शेवटच्या टोकामुळे माहीत आहे. दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण झाले. ओझरची शेते त्या कालव्याच्या टेलला. कागदावर जमीन भिजत होती, शेतात चारी कोरडी होती. वरच्या अंगाचा शेतकरी वाटेल तेवढे पाणी घ्यायचा, खालचा सात नंबरचा फॉर्म भरून वाट पाहायचा. खाते म्हणायचे, पाणी सोडले. शेतकरी म्हणायचा, पाणी आले नाही. दोघेही खरेच बोलत होते. मधले पाणी गेले कुठे, हे मोजायची सोय कोणाकडे नव्हती. जिथे माप नाही तिथे भांडणच असते.

बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने या ठिकाणी हात घातला. त्यांनी धरणावर मोर्चा नेऊन काम संपवले नाही. टेलच्या शेतकऱ्यांना गोळा केले, हिशेब मांडायला शिकवले आणि १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याशी करार झाला. पाणी पिकावर आणि हेक्टरावर न देता मोजून घ्यायचे, पैसे मापाचे भरायचे, आणि आत कोणाला किती, कोणती पाळी कधी, हे संस्थेने ठरवायचे. आपल्या हिश्श्याचे काही पाणी त्यांनी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडले. त्याने विहिरी भरल्या, आणि विहीरवालाही संस्थेच्या हिशेबात आला.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा वर्गात पिकाला किती सेंटीमीटर पाणी लागते हे शिकलो. त्या पाण्यावरून होणारे भांडण कसे मिटवायचे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. ओझरने ते करून दाखवले. तिथे कोणी शांततेवर प्रवचन दिले नाही. मोजायची सोय झाली, पाळीचा तक्ता लागला, पैसे किती जमले आणि गेले कुठे हे सभासदांना कळू लागले. आपली पाळी नक्की येणार हे ज्याला ठाऊक आहे, तो रात्री काठी घेऊन पाटावर जात नाही.

पुढे वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनाही सामील करून घेतले. हे काम सर्वांत अवघड होते, कारण वरच्याला काही गमवायचे होते. हळूहळू वाघाडच्या लाभक्षेत्रात चोवीस संस्था झाल्या, आणि २००३ च्या सुमारास त्या सर्वांची मिळून प्रकल्पाच्या पातळीवरची एक संस्था झाली. सगळ्या प्रकल्पाच्या पाण्याची वाटणी शेतकऱ्यांच्या हाती आली. पाणी आधी टेलला द्यायचे आणि मग वर सरकायचे, असा पायंडा पडला. २००५ साली महाराष्ट्रात सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्यात वरचा, मधला आणि शेवटचा अशा तिन्ही भागांना संचालक मंडळात जागा ठेवल्या गेल्या. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी शेतकऱ्यांनी काम करून दाखवले, कायदा मागाहून आला.

उलटा क्रमही राज्याने पाहिला. कायदा झाल्यावर वरून उद्दिष्टे आली आणि ठिकठिकाणी घाईघाईने संस्था नोंदल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांचा शिक्का आहे, पण चारीवर पाणी मोजणारा माणूस नाही. आधी माणसे जमवावी लागतात, मग शिक्का.

आता कोणी विचारील, आम्ही मालेगाव-नांदगाव-येवल्याचे कोरडवाहू. आमच्याकडे ना धरण ना चारी. कपाशी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर. आम्हाला वाघाडचे काय?

याला उत्तर आपल्याच कपाशीत आहे. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. नाव शेतकऱ्याच्या हिताचे होते. पण कापूस दुसरीकडे विकायला बंदी, प्रत ठरवणार केंद्रावरचा माणूस, पैसे हप्त्याने आणि तेही कधी मिळतील याचा नेम नाही. ती व्यवस्था शेतकऱ्यासाठी होती, शेतकऱ्याची नव्हती. पंचवीस-तीस वर्षे चालली, तोट्यात बुडाली आणि २००२ नंतर खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. एकाधिकार गेला, पण त्याच्या जागी शेतकऱ्याचे स्वतःचे काही उभे राहिले नव्हते. एक मालक जाऊन दहा मालक आले, एवढेच.

आजही हमीभावाच्या केंद्रावर कापसाचा ओलावा पाहतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. ओलाव्याचे यंत्र कोणाच्या हातात असते? केंद्राच्या. आपल्या किती शाखांकडे स्वतःचे यंत्र आहे? गाडी भरण्याआधी गावातच ओलावा मोजला, वजन केले आणि वहीत लिहून सही घेतली, तर केंद्रावरच्या माणसाशी आपण घसा खरवडून भांडत नाही, आपण आकडा पुढे ठेवतो. कपाशीच्या गावात वाघाडचे माप म्हणतात ते हेच.

ज्यांना पाणीच थोडे, त्यांच्यासाठीही वाट पडलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा की पाण्याचा हक्क जमिनीवर मोजायचा नाही, माणसांवर मोजायचा. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला पाणी नाही आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याची जमीन मोठी त्याला हे बोचले असणारच. पण पाणी थोडे असले म्हणजे न्याय जास्त लागतो.

आणि हे सगळे नवे आहे असेही नाही. बागलाण-कळवण आणि धुळ्याकडच्या मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने जायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे गाव मिळून ठरवायचे. हवालदार, जागल्या, पाटकरी नेमायचे ते शेतकरीच, त्यांचे पोट भरायचे तेही शेतकरीच. सरकारी निर्णय नव्हता, अनुदान नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांना संस्था चालवता येत होती. मधल्या काळात आपण ती पुढाऱ्याच्या हवाली केली.

पाण्या-कापसाइतकेच मोठे दुसरे दुखणे म्हणजे कोर्ट. बांधाच्या वितभर जमिनीसाठी दोन भाऊ वीस वर्षे तारखा करतात, आणि जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाचे बिल मोठे होते. सरकारने २०२३ साली सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या वहिवाटीत बारा वर्षांहून जास्त असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी, एवढ्यात काम. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दुष्काळ किंवा पुराने ग्रासलेला माणूस, यांना मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर निकाल कायम, वर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दुष्काळी तालुक्यातल्या किती शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची खोली असते. तिथपर्यंत माणसाला हात धरून नेणे हेच संस्थेचे काम.

एक इशारा मात्र द्यायला हवा. शांतता म्हणजे गप्प बसणे नव्हे. २००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या, बक्षिसे लागली. बांधाचे तंटे मिटले तिथे चांगलेच झाले. पण बक्षीस हुकेल म्हणून एखाद्या बाईची मारहाणीची तक्रार किंवा दलित वस्तीवरची दांडगाई चावडीतच दाबली, तर त्याला सलोखा म्हणता येणार नाही. तो बळजोरीवर घातलेला पांघरुणाचा पदर आहे. ज्या संस्थेत सर्वांत कमजोर माणूस तोंड उघडू शकत नाही, ती मजबूत नाही. ती फक्त मोठी आहे.

मग खरी संस्था ओळखायची कशी? आमच्या मते चार प्रश्न पुरेत. हिशेब वर्षातून एकदा सर्वांपुढे मोठ्याने वाचला जातो का? बाहेरचा पैसा बंद झाला तर उद्या दार उघडेल का? अध्यक्ष बदलता येतो का, आणि बदलल्यावर काम चालू राहते का? आणि टेलच्या शेताला, म्हणजे सर्वांत शेवटच्या माणसाला, त्याचा वाटा मिळतो का? बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवी संस्थेलाही हेच विचारा. उत्तरे बरी असतील तर तिच्याकडून शिकायला लाज कसली? वाघाडच्या शेतकऱ्यांनीही आधी समाज परिवर्तन केंद्राकडून शिकूनच घेतले.

आता हाच आरसा आपल्याकडे वळवू. आपल्या शाखांपैकी किती शाखांकडे सभासदांची वही आहे? गेल्या आंदोलनात वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, हे लिहिलेले कुठे सापडेल? पुढाऱ्यांच्या संस्थांना आपण नावे ठेवतो, पण आपल्यातही मतभेद झाला की माणूस बैठक सोडून नवा फलक लावतो, कारण मतभेद ठेवायला आपल्याकडे जागाच नाही. चळवळी फुटण्याचा दोष नेहमी माणसांच्या स्वभावावर ढकलला जातो. स्वभाव सगळीकडे सारखेच असतात. ओझरलाही रागीट माणसे असतीलच. त्यांच्या रागाला बसायला बैठक होती, लिहायला वही होती.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक तालुका शाखेने सभासदांची आणि पैशाची अशा दोन वह्या या हंगामात सुरू कराव्यात आणि पुढच्या बैठकीत त्या वाचून दाखवाव्यात. कपाशीच्या प्रत्येक मोठ्या गावात वर्गणीतून एक काटा आणि एक ओलाव्याचे यंत्र घ्यावे. आणि प्रत्येक शाखेने दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक बाई असावी. तालुक्याच्या विधी सेवा समितीची वाट गावाला दाखवायची, पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहायचे, आणि कागद मिळत नसेल तिथे माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज लावायचा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. नोंदणी मागाहून करता येईल, तिला सातच माणसे लागतात.

यात घोषणा देण्याजोगे काही नाही, हे आम्हाला कळते. वही लिहिणाऱ्याच्या गळ्यात कोणी हार घालत नाही. रस्त्यावर उतरण्याची वेळ पुन्हा येईल, तेव्हा आपण उतरूच. पण या वेळी परत येताना हाती फक्त आश्वासन नसावे. ते मोजणारा काटा आणि लिहिणारी वही गावात आधीपासून तयार असावी. खेरवाडीला दोघांनी जीव दिला. त्यांच्या नावाने वर्षातून एकदा फुले वाहतो, ते ठीकच आहे. उरलेले दिवस त्यांच्या नावाने दप्तर राखू या.