चहाच्या सुट्टीतले शहर

बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन आटोपले की पुढे महिनाभर आपल्या घराघरांत तुलना चालते. जेवण कुठल्या वर्षी चांगले होते, नाटक कुठे रंगले, नोंदणीची रांग कुठे लांबली. ज्या शहरात हे सगळे झाले त्या शहराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. विमानतळ, हॉटेल, सभागृह, पुन्हा विमानतळ. खरे तर उपनगरांत संसार थाटलेल्या आपल्यापैकी अनेकांना अमेरिकन शहराचा गाभा सलग तीन-चार दिवस पायांखाली मिळतो, तो एवढ्याच निमित्ताने.

गाभ्यांची तुलना करताना लोक इमारतींचे मजले मोजतात. माझे माप साधे आहे. चहाच्या सुट्टीत दार ढकलून बाहेर पडले तर पंधरा मिनिटांत, पायी, काय भेटते?

२००९चे फिलाडेल्फिया या मापाला पुरेपूर उतरते. तिथल्या अधिवेशन केंद्रातच रीडिंग रेल्वेची जुनी शेड सामावून घेतलेली आहे आणि तिच्या खाली १८९३पासूनची मंडई आजही गजबजलेली आहे. त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. उपनगरातल्या घरी तिला कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी कोणाची तरी गाडी रिकामी होईपर्यंत थांबावे लागे. मंडईत एक आमिश मुलगी प्रेट्झेल वळत होती. पिठाची लांब दोरी, दोन वेढे, चिमटा, की पुढची. आई दहा मिनिटे तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात बसलाय हो पोरीचा." दुसऱ्या दिवशी दुपारी आई जागेवर नव्हती. आम्ही शोधाशोध करतोय तोवर ती पीचची पिशवी हातात घेऊन परत आली. सहा महिन्यांत ती कोणालाही न विचारता, एकटी कुठे गेली असेल, तर ती तेवढीच.

हे आपोआप घडत नाही. विल्यम पेनने १६८२मध्ये दोन नद्यांच्या मधे या शहराची आखणी केली, ती माणसाच्या पावलाच्या हिशेबाने. पुढे साऊथ स्ट्रीटवरून द्रुतगती मार्ग काढायचा घाट घातला गेला. तिथल्या रहिवाशांनी तो लढून हाणून पाडला. चायनाटाउनच्या पोटातून मात्र असा रस्ता गेलाच, आणि आपल्या अधिवेशनाचे केंद्रही त्याच वस्तीला खेटून उभे राहिले. तरी ते लोक हटले नाहीत. शेजारी बास्केटबॉलचे नवे मैदान उभारण्याचा बेतही त्यांच्या विरोधानंतर २०२५च्या जानेवारीत सोडून देण्यात आला.

२०११ला शिकागो. न्यूयॉर्कखालोखाल माझ्या मते याच शहराचा गाभा भरीव आहे. १८९७मध्ये पुरी झालेली उन्नत रेल्वेची कडी अजून धडधडते आहे, आणि रेल्वेमार्गांवर छत घालून केलेला मिलेनियम पार्क २००४पासून सर्वांना खुला आहे. पण आपले अधिवेशन भरले मॅककॉर्मिक प्लेसमध्ये. एका अंगाला सरोवर, मधून वाहनांचा लोंढा, आणि त्या कडीपर्यंत दोन-अडीच मैल. एवढे मोठे शहर, आणि चहाच्या सुट्टीत ते दुरूनच दिसते.

२०१३चे प्रॉव्हिडन्स मला या सगळ्यांत जास्त आवडते, कारण त्या लहान शहराने आपली चूक खणून काढली. गाभ्यातल्या नद्या त्यांनी रस्त्यांखाली गाडल्या होत्या, त्या पुन्हा उघड्या केल्या. १९९४पासून ठरावीक रात्री नदीच्या पात्रात ओळीने लाकडाच्या शेकोट्या पेटतात आणि सगळे गाव काठावर लोटते. गाभा कापणारा महामार्गही त्यांनी उचलून दुसरीकडे नेला. त्याच्या जुन्या खांबांवर २०१९पासून पादचारी पूल आहे.

मग २०२४चे सॅन होजे. लोकसंख्येने सॅन फ्रान्सिस्कोहून मोठे, गाभा मात्र लहानसा. विमानतळ शेजारीच, त्यामुळे इमारतींच्या उंचीला मर्यादा. पण खरे कारण ते नव्हे. १९५० ते १९६९ या काळात शहर-व्यवस्थापक डच हामान यांनी भोवतालच्या फळबागा शहरात ओढत १७ चौरस मैलांचे शहर सव्वाशेच्या पुढे नेले. शहर पसरले आणि मधला भाग पोकळ राहिला.

देशभर हेच झाले. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला, आणि शहरांनी जवळजवळ फुकटात मिळालेला रस्ता थेट पोटातून नेला. डेट्रॉइटने ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती जमीनदोस्त केली. तिथून महामार्ग गेला. कारखाने गेले, गोरे लोक त्याच रस्त्यांनी उपनगरांत गेले. १९५०मध्ये साडेअठरा लाखांचे शहर २०२०मध्ये ६ लाख ३९ हजारांवर आले. उलट व्हँकुव्हर पाहा. तिथल्या कृष्णवर्णीयांची होगन्स ॲली वाचली नाही, पण चायनाटाउनचे लोक आणि त्यांचे शेजारी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर उतरले, आणि आजही त्या शहराच्या डाऊनटाऊनमधून एकही फ्रीवे जात नाही.

ज्या शहरांचे गाभे आज आपल्याला हवेहवेसे वाटतात, ते बहुतेक तिथेच पाय रोवून राहिलेल्या कोणीतरी राखले. त्यांत पुष्कळ जण आपल्यासारखेच परदेशातून आलेले होते. आपण मात्र शाळा पाहिल्या, अंगण पाहिले आणि उपनगर गाठले. मुलांसाठी केले, हे मला मान्य आहे. मीही तेच केले. पण त्या अंगणात आपले आईवडील सहा-सहा महिने खिडकीशी बसून काढतात, हेही मी रोज पाहिले आहे.

अधिवेशनाचे ठिकाण ठरवणाऱ्या समितीने सभागृहाचे भाडे पाहावे, हॉटेलच्या खोल्याही मोजाव्यात. मग एका दुपारी गाडीची किल्ली खोलीत ठेवून त्या दारातून पायी बाहेर पडावे, आणि सोबत सत्तरीच्या एखाद्या आजीला न्यावे.